सरकारी हॉस्पिटलमधली लठ्ठपणाची ओपीडी : वहिनीला घेऊन गेले, काय मिळालं आणि काय नाही

आधी मार्क देऊन टाकते मग बाकीचं वाचा. डॉक्टर आणि टीम, पाचपैकी पाच. रांगा, लिफ्ट, तारखा, बसायची सोय, पाचपैकी दोन, ते पण जड हाताने. आणि एवढं असूनही घरात कुणाचं वजन हाताबाहेर गेलं असेल, सोबत शुगर बीपी गुडघे असं सगळं लागलेलं असेल, तर कुठल्याही खासगी पॅकेजवर सही करायच्या आधी एकदा अशा ठिकाणी दाखवाच असं मी मनापासून सांगेन.

हॉस्पिटल मुंबईतलं, मेडिकल कॉलेजचं, मोठं. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि त्याचा त्रास शेवटी खिडकीवर बसणाऱ्या माणसालाच होतो. तसंही अशी ओपीडी एकाच जागी असते असं नाही, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या टीचिंग हॉस्पिटलांमध्ये चौकशी करा, चौकशी खिडकीवर 'ओबेसिटी क्लिनिक किंवा बेरिएट्रिक ओपीडी कुठल्या वारी असते' असं विचारायचं (बेरिएट्रिक म्हणजे लठ्ठपणाच्या उपचारांचं), नुसतं 'वजनासाठी आलोय' म्हटलं तर जनरल मेडिसिनच्या लाइनीत पाठवतात आणि अख्खी सकाळ जाते.

पेशंट म्हणजे माझी वहिनी. वय ४७, उंची १५२ सेंटीमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४५. डोंबिवलीत राहते, घरूनच पोळीभाजीचे डबे करते, पहाटे पाचला ओट्यापाशी उभी राहते ती दुपारी दोनपर्यंत. डायबेटिस आठ-नऊ वर्षांचा, बीपी, दोन्ही गुडघे, आणि झोपेत घोरणं इतकं की दादा हॉलमध्ये झोपतो. आम्ही आधी एका खासगी सेंटरला गेलो होतो. तिथे छान एसी, गार पाणी, हसतमुख रिसेप्शन, वजन घेतलं, उंची घेतली, रिपोर्ट चाळले आणि पंधरा-वीस मिनिटांत साडेतीन लाखांचं पॅकेज समोर, स्लीव्ह करू (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन), तिसऱ्या दिवशी घरी. ऑपरेशन चुकीचं असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, बीएमआय ४५ आणि शुगर असलेल्या माणसाला ऑपरेशन सुचवणं नियमात बसतंच, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार तर ३५ च्या वर बीएमआय असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनची शिफारस आहे आणि आपल्या आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करा म्हणतात. पण त्या माणसाने वहिनीला एकही प्रश्न धड विचारला नाही. दिवसभर काय करता, रात्री झोप लागते का, अजून काय औषधं घेता, काहीच नाही.

म्हणून दादा म्हणाला एकदा सरकारीत दाखवू, माझ्या ऑफिसमधल्या एकीने तिच्या भावाचं तिथे केलं होतं.

पहिल्या दिवसाचं सगळं लिहीत बसत नाही. केसपेपर काढा, मग त्यावर क्लिनिकचा शिक्का, मग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. १०४ किलोच्या, गुडघे गेलेल्या बाईला दोन जिने चढवायचे, तेही लठ्ठपणाच्याच ओपीडीत जायला, हे ज्याने कुणी ठरवलं त्याने एकदा तिच्यासोबत चढून बघावं. रेलिंग धरून, प्रत्येक लँडिंगला थांबून गेलो. वर बसायला बाक होते पण अर्ध्या लोकांना पुरतील इतकेच. आणि एक गोष्ट फार लागली, वजन घेणारा माणूस प्रत्येकाचं वजन मोठ्याने ओरडून सांगायचा आणि पलीकडची बाई लिहून घ्यायची. अख्ख्या कॉरिडॉरला कळतं. एक कॉलेजची मुलगी होती, तिचा आकडा ऐकू आला तशी ती ओढणीने तोंड पुसत भिंतीकडे वळली. हे बंद करायला एक रुपया लागत नाही, चिठ्ठीवर लिहून द्या ना.

पण आत गेल्यावर चित्र वेगळं. सिस्टरने बीपी बघायला घेतलं आणि आधी वहिनीच्या दंडाला टेप लावून माप घेतलं, मग कपाटातून मोठा पट्टा काढला. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तोच नेहमीचा पट्टा कसाबसा गुंडाळतात आणि तिथे कायम १६० च्या वर यायचं. इथे मोठ्या पट्ट्याने १४० आलं. सिस्टर म्हणाल्या जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दाखवतं, मग गोळ्या वाढत जातात. इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी वजनदार माणूस आहे त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना मोठा पट्टा मागा. खुर्च्या पण आत बिनहातांच्या, रुंद. ज्याला हातांच्या खुर्चीत अडकून बसावं लागतं त्यालाच कळेल ते काय सुख असतं.

आता मुख्य गोष्ट, टीम. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, मेडिसिन आणि एंडोक्राइनचे (हार्मोनचे) डॉक्टर, सर्जरीचे, आहारतज्ज्ञ मॅडम, फिजिओ, मानसोपचारवाल्या मॅडम, आणि एका कोपऱ्यात सोशल वर्कर. पेशंटने टेबल टू टेबल जायचं, फाइल एकच. प्रत्येकजण आधीच्याने काय लिहिलंय ते वाचतो, नाही वाचता आलं तर तिथूनच हाक मारून विचारतो. ऐकायला साधं वाटतं पण आपण आयुष्यभर काय करतो, शुगरचा डॉक्टर वेगळा, गुडघ्याचा वेगळा, कुणाला कुणाचं माहीत नाही, आणि प्रत्येकजण शेवटी 'वजन कमी करा' एवढं सांगून मोकळा.

पहिलं टेबल ज्युनियर डॉक्टर मुलीचं, पंचवीस-सव्वीसची असेल. तिने जे विचारायला सुरुवात केली ते संपेचना. वजन कधीपासून वाढलं, लग्नाच्या वेळी किती होतं, बाळंतपणानंतर किती, पाळी कशी, आईवडिलांचं कसं, कुठल्या वर्षी एकदम वाढलं. वहिनी म्हणाली तसं आधीपासून अंगाने होते पण गेल्या तीन-चार वर्षांत फारच. मुलीने पेन थांबवलं, म्हणाली तीन-चार वर्षांपूर्वी काय बदललं? वहिनीला काही आठवेना. मग तिने मोठ्या मॅडमना बोलावलं, मॅडमनी वहिनीचे हात उलटसुलट करून बघितले, दंडावर दोन-तीन काळेनिळे डाग होते, म्हणाल्या कुठे आपटलात का, वहिनी म्हणे नाही हो असेच उठतात हल्ली. मग पोटावरच्या रेषा बघितल्या, जांभळट आणि रुंद. आणि मग एकदम विचारलं, "ताई, गुडघ्यासाठी काही घेता का? गोळी, पुडी, काढा, कुणी वैद्याने दिलेलं, गावाहून आणलेलं, काहीही."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. घेत होती. दादाच्या मित्राने कुठूनशी आणलेली पुडी, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून, तीन-चार वर्षं. त्यानेच तर गुडघे चालत होते, नाहीतर ती ओट्यापाशी उभीच राहू शकली नसती. औषधं कुठली चालू आहेत असं इतक्या डॉक्टरांनी विचारलं पण तिने कधी ही सांगितली नाही कारण जडीबुटी आहे, तिचं काय सांगायचं, असं तिच्या डोक्यात.

मॅडम रागावल्या नाहीत, हे मला फार आवडलं. शांतपणे सांगितलं की अशा बऱ्याच पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर गुडघा दोन दिवसांत हलका वाटतो, आणि त्यानेच भूक वाढते, चेहरा आणि पोट वाढतं, शुगर चढते, कातडी पातळ होऊन डाग उठतात. पण त्याहून महत्त्वाचं त्यांनी हे सांगितलं की आज घरी जाऊन एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, बाहेरचं अचानक थांबवलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, जिवावर बेतू शकतं. सकाळी आठची कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टिरॉइडची, रक्ततपासणी लिहून दिली. ती फार कमी आली, म्हणजे संशय खरा. मग पुडी बंद करून त्याजागी मोजून-मापून गोळी सुरू केली आणि ती हळूहळू उतरवत आणली, आणि एक चिठ्ठी दिली जी वहिनी अजून पर्समध्ये बाळगते, की या पेशंटला स्टिरॉइडची सवय होती, अपघात किंवा मोठं आजारपण आलं तर आधी हे बघा. हे वाचून कुणी आपली पुडी उद्या स्वतःच बंद करू नका, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. डॉक्टरांना दाखवा. अन्न व औषध प्रशासनाकडे अशा पुड्यांची तक्रार करता येते, ती आम्ही केली.

मला रात्री झोप लागेना हा विचार करून की त्या एसीवाल्या सेंटरमध्ये कुणालाही हे न कळता सरळ ऑपरेशन झालं असतं. भूल दिली असती, आणि ऑपरेशननंतर खाणं बंद म्हणून पुडी पण आपोआप बंद झाली असती. पुढे काय झालं असतं देवाला माहीत. इथे ज्युनियर मुलीला वेळ होता असंही नाही, बाहेर पन्नास माणसं उभी होती. पण तिला काही विकायचं नव्हतं, तिला नुसतं कारण शोधायचं होतं.

दुसरी गोष्ट आहारतज्ज्ञ मॅडमच्या टेबलावरची. श्रावण चालू होता. त्यांनी छापील डाएट चार्ट हातात दिला नाही, आधी विचारलं घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती आणता. पाच माणसं, सात लिटर. त्यांनी तिथेच हिशोब केला, माणशी दिवसाला नऊ-दहा चमचे तेल होतं, आणि असायला हवं चार-पाच. डब्यांचा धंदा वेगळा तेलाचा डबा वापरून करा म्हणजे घरचं किती लागतं ते दिसेल, ही त्यांची पहिली सूचना, आणि ती वहिनीला लगेच पटली कारण धंद्याचा हिशोब पण त्यातून सुटतो. मग दिवस विचारला. पहाटेपासून पोळ्या, मध्ये दोनदा-तीनदा साखरेचा चहा, जेवण थेट तीनला, तेव्हा मात्र कडकडून भूक, चार-पाच पोळ्या. मॅडम म्हणाल्या पोळ्या कमी करा वगैरे मी आत्ता म्हणणार नाही, आधी साडेनऊला एक वाटी उसळ किंवा दोन अंडी पोटात घाला, डब्यासाठी उसळ शिजवताच ना, त्यातलीच. तीनच्या पोळ्या आपोआप कमी होतील. झाल्या पण.

मग उपास. सोमवार, चतुर्थी, आणि समोर हरतालिका, ती निर्जळी करते. मला वाटलं आता मॅडम लेक्चर देणार. त्या म्हणाल्या सोमवारचा करा, फक्त साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, ताक, मूठभर शेंगदाणे, भोपळ्याची किंवा काकडीची कोशिंबीर. पण 'निर्जळी' ऐकल्याबरोबर त्या फाइल घेऊन उठल्या आणि सरळ मेडिसिनच्या टेबलाकडे गेल्या. कारण तिथे दहा मिनिटांपूर्वी शुगरची एक गोळी बदलून एम्पाग्लिफ्लोझिन लिहिली होती, जिने लघवीवाटे साखर बाहेर जाते. ती गोळी घेऊन दिवसभर पाण्याशिवाय उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. डॉक्टरांनी परत बोलावून समजावलं, यंदा निर्जळी नको, पाणी फळं ताक घेऊन करा, आणि तरीही करायचाच असेल तर आधी आम्हाला सांगा, गोळी थांबवायची वेळ आम्ही ठरवू. वहिनीने यंदा ताक पिऊन हरतालिका केली. देवीला चालतं असं आमच्या आईनेच सांगितलं तिला, तो प्रश्न तिथे मिटला.

'मल्टीडिसिप्लिनरी' असा मोठा शब्द भिंतीवरच्या बोर्डवर लिहिलाय, पण माझ्यासाठी ते म्हणजे मॅडमचं ते उठून जाणं. वेगवेगळ्या दवाखान्यांत असते तर हे दोघांना कधीच कळलं नसतं.

औषधांचं पण सांगते. तिच्या जुन्या शुगरच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन, दोन्हीने वजन वाढू शकतं. एक कमी केली, एक बंद केली. एम्पाग्लिफ्लोझिन आधी महाग होती पण मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, म्हणून परवडते. वजन कमी करायच्या इंजेक्शनचं तर मीच विचारलं, सगळीकडे मुंजारो मुंजारो चाललंय. डॉक्टरांनी उडवून लावलं नाही. म्हणाले औषध चांगलं आहे, काही पेशंटना आम्ही लिहून देतो, पण ते बाहेरून घ्यावं लागतं. मार्च २०२५ ला बाजारात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपये आणि पाचची ४,३७५, आणि आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, सोबत पुरेसं प्रोटीन आणि व्यायाम नसेल तर स्नायू पण झडतात, म्हणून वर्षानुवर्षं परवडणार असेल तरच. आणि वहिनीच्या बाबतीत आधी स्टिरॉइडचा निकाल लागू द्या. इतकं सरळ उत्तर मला तरी बाहेर कुठे मिळालं नव्हतं.

फिजिओने कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना खुणा लावून सहा मिनिटं चालायला लावलं, किती मीटर होतात ते मोजायला. मध्येच स्ट्रेचर येतंय, नातेवाईक येतायत, जागा नाही धड, पण तो मुलगा तिच्या बाजूने चालत राहिला आणि थांबलात तरी चालेल ताई, घड्याळ थांबवणार नाही, असं म्हणत राहिला. चालायला जा असं त्याने सांगितलं नाही. या गुडघ्यांवर तासभर चालणं म्हणजे उलट नुकसान, आधी मांडीचे स्नायू. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पोळ्या लाटताना एक पाय पाटावर ठेवणं आणि आलटून-पालटून बदलणं. शेवटचं तर तिच्या कामासाठीच शोधून काढल्यासारखं.

मानसोपचाराच्या टेबलाला वहिनी घाबरत होती, मी काय वेडी आहे का म्हणाली. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं, ते बरोबरच होतं. आत काय बोलणं झालं ते तिचं. एवढंच सांगते की बाहेर आल्यावर ती म्हणाली, लग्नात फोटो काढताना मला मागे उभं करतात हे मी आज पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. त्या फोटो काढणाऱ्यांत आम्ही पण असतो. पुढच्या वेळी मॅडमनी दादाला बोलावून घेतलं आणि घरात वजनावरून कुणी काय बोलायचं नाही ते स्पष्ट सांगितलं. दादाने ऐकलं.

आता परत तक्रारींकडे कारण त्या पण खऱ्या आहेत. झोपेच्या तपासणीला इतकी लांबची तारीख मिळाली की आम्ही शेवटी बाहेर पैसे भरून केली, कारण मशीन कमी आणि पेशंट ढीगभर. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया गंभीर निघाला, तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडकतो, म्हणजे इतकी वर्षं ती रात्रभर झोपतच नव्हती, दिवसभर थकवा आणि भूक त्यातूनही येते. त्याला सीपॅप मशीन लागतं, झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास अडकू न देणारं, ते हॉस्पिटल देत नाही, तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं. सोशल वर्करने ट्रस्टचे अर्ज भरून दिले, कागदपत्रांची यादी हाताने लिहून दिली, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, डॉक्टरांचं पत्र, आणि अर्धे पैसे उभे राहिले. पण त्या बाई एकट्या, आणि त्यांच्या टेबलासमोरची रांग सगळ्यात मोठी. सोनोग्राफीलाही वाट बघा. रक्त द्यायची वेळ आणि ओपीडीची वेळ एकमेकांवर येतात, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही होत नाही, डोंबिवलीहून येणाऱ्या बाईला त्यासाठी पुन्हा सकाळची गर्दीची लोकल. लेडीज डब्यात या वजनाच्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते वेगळं लिहायला नको. फोनवर अपॉइंटमेंट नाही, डॉक्टर रजेवर आहेत हे पोचल्यावरच कळतं. लेडीज टॉयलेटमध्ये कमोड एकच, तोही मोडका, आणि गुडघ्यांच्या पेशंटला भारतीय बैठक म्हणजे अशक्य. ओपीडी सुरू करणाऱ्यांनी डॉक्टर इतके चांगले जमवले, मग या गोष्टींकडे कुणीतरी बघायला हवं, मी लेखी तक्रार अधीक्षकांच्या ऑफिसात दिली आहे आणि पोच घेतली आहे.

महिन्यातून एकदा ग्रुप मीटिंग असते, ऑपरेशन झालेले जुने पेशंट येतात. ती चुकवू नका, तिथे खरं ते कळतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढतात हे आम्हाला वाचून माहीत होतं, पण त्यानंतर घास किती चावायचा, जेवणासोबत पाणी का प्यायचं नाही, केस गळतात तेव्हा घाबरायचं नाही पण प्रोटीन वाढवायचं, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर, हे एका भांडुपच्या काकूंनी स्वतःच्या अनुभवाने सांगितलं. एका मुलीला डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी मूल नको. एक काका होते ज्यांचं वजन तीन वर्षांनी बरंच परत आलं होतं, त्यांनाही बोलू दिलं, लपवलं नाही. खासगी सेंटरच्या माहितीपत्रकात असे काका नसतात.

ऑपरेशनचा निर्णय कुणी एकटा सर्जन घेत नाही. सगळे एकत्र बसतात, भूलतज्ज्ञ पण, आणि पेशंटला नातेवाइकासकट आत बोलावतात. वहिनीच्या वेळी सर्जन स्वतः म्हणाले, आत्ता नको. स्टिरॉइड पूर्ण उतरू दे, सीपॅपवर झोप सुधारू दे, मग वजन कुठे थांबतंय ते बघू, तेव्हा लागलं तर करू. ज्याचं काम ऑपरेशन करणं आहे तोच थांबा म्हणतोय, याने आमचा विश्वास बसला. ऑपरेशन करायचं झालं तर सरकारीत खोली, डॉक्टर यांचा खर्च नगण्य पण जठर कापून शिवायचं स्टेपलर आणि त्याच्या पिनांच्या कार्ट्रिज यांचे पैसे लागू शकतात, ते आधीच विचारून घ्या. ज्यांची मेडिक्लेम आहे त्यांनी पॉलिसी बघा, बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा हृदयाचा ठरावीक आजार असेल आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला असेल तर ऑपरेशन मंजूर होऊ शकतं, प्रतीक्षा काळ मात्र तपासा. 'लठ्ठपणा कव्हर नाही' असं एजंटने तोंडी सांगितलं तर त्यावर थांबू नका.

आत्ता संक्रांत होऊन गेली. वजन साडेचौऱ्याण्णव. तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.१ होती ती ७.२. दंडावरचे डाग गेले. गुडघे दुखतातच, ते खोटं कशाला सांगू, पुडी बंद झाल्यावर पहिले दोन महिने तर फार वाईट गेले आणि तिने दोनदा मला फोन करून परत सुरू करते म्हणून सांगितलं, तेव्हा फिजिओच्या मुलाने तिला मधल्या तारखेला बोलावून घेतलं आणि शेक, पट्टा, व्यायाम यावर कसंबसं निभावलं. डब्यांपैकी थोडे कमी केलेत, लाटायला एक बाई ठेवली आहे. ऑपरेशनचं पुढच्या मीटिंगमध्ये ठरेल.

जाणार असाल तर एवढं करा. सगळी जुनी फाइल न्या, आणि घरात जे जे तोंडात जातं ते सगळं एका पिशवीत घालून न्या, गोळ्यांची पाकिटं, पुड्या, चूर्णं, प्रोटीनचे डबे, तेलाच्या बाटल्या, ज्याला तुम्ही औषध समजत नाही ते तर आधी. महिन्याचं किराणा बिल न्या, आहारतज्ज्ञ मॅडमना त्यातून फार कळतं. सोबत एक माणूस असू दे, एकजण रांगेत आणि एकजण बाकावर. डबा आणि पाणी घेऊन जा, विशेषतः शुगरची गोळी घेणाऱ्यांनी, कारण नंबर दीडला पण लागू शकतो. आणि लिफ्टचं आधी खाली विचारा, मागच्या बाजूला अपघात विभागाजवळ दुसरी आहे, ती चालू असते, फक्त वॉचमनला केसपेपर दाखवावा लागतो.